ट्रकवाल्याला आपण दिसतो का?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला काहीतरी बोला, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी "ट्रक आणि दुचाकी" हा विषय लिहून कळवला. चिठ्ठी वाचून त्या स्वतःच घरी आल्या आणि म्हणाल्या, "अहो, लिहिण्यात काही चूक तर नाही ना झाली?" त्यांचे तरी काय चुकले? या व्यासपीठावरून आजवर आपण मुलांचा आहार ऐकला, घरातला जमाखर्च ऐकला, वारसाहक्काचा कायदा ऐकला. ट्रक हा काही बायकांच्या मंडळाचा विषय नव्हे. तो पुरुषांनी पानाच्या ठेल्यापाशी उभे राहून बोलायचा, अशी आपली समजूत. पण आता मी हात वर करायला सांगते. आज या सभेला दुचाकीवरून कितीजणी आल्या? स्वतः चालवत म्हणा, नाहीतर डबलसीट म्हणा. पाहा, निम्म्याहून अधिक हात वर आले. आणि त्यांतल्या कितीजणींना महामार्ग ओलांडून किंवा त्याच्या कडेकडेने यावे लागले? तेच हात पुन्हा वर आले. मग हा विषय आपला नाही तर कोणाचा?

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा या रस्त्याला चार नंबरचा रस्ता म्हणत. रात्री नऊनंतर एखादी एस.टी. आणि पुढे लांब नाक असलेले दोनचार ट्रक गेले की सगळे सामसूम. आता त्याचा नंबर ४८ झाला आहे, आणि रात्री-बेरात्री केव्हाही जाग आली तरी कंटेनरांचा आणि ट्रेलरांचा घरघराट थांबलेला नसतो. पण आपले जाणे-येणे काही बदललेले नाही. बँक पलीकडे, शाळा पलीकडे, दवाखाना पुढच्या गावी. पूर्वी आपण चालत जात होतो, आता स्कूटरवरून जातो, एवढाच फरक.

आता ज्या गोष्टीमुळे मी हा विषय घेतला ती सांगते. त्या घरच्या मंडळींना विचारूनच सांगते आहे. आपल्या भिशीतली एक जागा दीड वर्षापूर्वी रिकामी झाली. कोणाची ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. बारशाला निघाली होती ती. भाचा गाडी चालवत होता, ती मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली. मांडीवर बाळंतविड्याची पिशवी, डोक्यावर हेल्मेट नाही, कारण गजरा माळलेला. पेट्रोल पंपाच्या अलीकडे एक लांब ट्रेलर मंदावला आणि किंचित उजवीकडे सरकला. डावीकडे ही एवढी मोठी मोकळी जागा झाली. भाच्याला वाटले, आपल्याला वाट दिली. त्याने गाडी डावीकडून पुढे घातली, आणि ट्रेलर डावीकडे पंपात वळला.

भाचा वाचला. तो आता फारसा बोलत नाही.

मी तेव्हा फार संतापले होते. ट्रकवाले म्हणजे दारू पिऊन गाड्या हाकणारे, माणसाच्या जिवाची पर्वा नसणारे, असे मी दहाजणींपाशी बोलले. आमच्या मागच्या आळीत एक ट्रकचालक राहतात. त्यांच्या मंडळी आपल्याच सभासद आहेत आणि आज पुढच्या रांगेत बसल्या आहेत. माझे बोलणे त्यांच्या कानांवर गेले. एके दिवशी ते दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "काकू, तुमचा राग बरोबर आहे. आमच्यात वाईट माणसे नाहीत असे मी म्हणत नाही. पण एकदा माझ्या गाडीत वर बसून बघा, आणि मग बोला."

मग एका रविवारी सकाळी आम्ही सातजणी मार्केट यार्डात गेलो. पदर खोचून, एका हाताने दांडा धरून, मी या वयात त्या ट्रकच्या केबिनमध्ये चढले. काय उंची ती! घराच्या माडीवरून खाली पाहावे तसा रस्ता दिसत होता. मला वाटले, एवढ्या उंचावरून तर चारी दिशा दिसत असतील. त्यांनी मला चालकाच्या जागेवर बसवले आणि खाली जाऊन आमच्या सहाजणींना ट्रकभोवती उभे केले. एकीला स्कूटरवर बसवून डावीकडच्या दाराला लागून उभे केले, दोघींना पाठीमागे, एकीला अगदी नाकासमोर, एकीला मागच्या चाकांपाशी आणि एकीला उजव्या हाताला. मग खालून ओरडून विचारले, "काकू, किती दिसतात?"

मला एकच दिसली. उजव्या हाताची. बाकी पाच बायका, चांगल्या धडधाकट, रंगीत साड्या नेसलेल्या, मोठमोठ्याने हसणाऱ्या, माझ्या लेखी नव्हत्याच. मी वाकले, आरशात डोकावले, तेव्हा मागच्या चाकाजवळचा एक पदर तेवढा हलताना दिसला. डावीकडच्या स्कूटरवाल्या बाई तर दाराच्या इतक्या खाली होत्या की त्यांचा डोक्यावरचा केसही दिसत नव्हता. नव्या गाड्यांना खाली पाहण्यासाठी एक जादा फुगीर आरसा असतो. या गाडीलाही होता. त्यात त्या दिसल्या, पण सुपारीएवढ्या, आणि त्यासुद्धा मी त्याच आरशात टक लावून पाहिले तेव्हा. रात्री, पावसात, पुढे पाहात, गिअर बदलत, त्या सुपारीकडे कितीदा पाहणार?

मी खाली उतरले तेव्हा माझ्याने बोलवेना. ट्रेलरवाल्याने तिला पाहिलेच नसेल, हे मला तेव्हा प्रथम पटले. अपघात झाला की आपण चूक कोणाची ते विचारतो, आणि ते विचारलेही पाहिजे. पण रस्त्यावर असताना विचारायचा प्रश्न निराळा आहे. या क्षणी त्या ट्रकवाल्याला मी दिसते आहे का?

आमच्या शेजाऱ्यांनी याची एक सोपी खूण सांगितली. ट्रकच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसला, तर तुम्ही त्याला दिसू शकता. चेहरा दिसत नसेल, तर त्याच्या दृष्टीने तिथे कोणी नाही. सर्वांत वाईट जागा डावीकडची, कारण आपल्याकडे चालक उजव्या हाताला बसतो. ते म्हणाले, "पूर्वी क्लीनर असायचा. तो डावीकडे डोके बाहेर काढून बसायचा, दारावर थाप मारायचा, 'थांब, गाडी आहे' म्हणून ओरडायचा. आता खर्च परवडत नाही म्हणून पुष्कळ गाड्यांवर एकटाच माणूस असतो. डावी बाजू बघायला कोणी उरलेच नाही." क्लीनर म्हणजे गाडी पुसणारा पोरगा, असेच मी आजवर समजत होते. तो ट्रकचा डावा डोळा होता, हे मला या वयात कळले.

आणि ते वळणाचे. लांब गाडी वळते तेव्हा तिची पुढची चाके जिथून जातात तिथूनच मागची जात नाहीत. मागची चाके आतल्या बाजूला कोपरा कापून जातात. घरात लांब शिडी आडवी धरून बोळातून वळवली आहे का कधी? पुढचा माणूस वळतो आणि मागचे टोक कोपऱ्यावरच्या कुंड्या पाडते, तसेच हे. म्हणूनच डावीकडे वळायचे असले तरी ट्रेलरवाला आधी थोडा उजवीकडे जातो. त्याखेरीज त्याला वळताच येत नाही. त्यामुळे डावीकडे जी जागा मोकळी झालेली दिसते ती वाट नव्हे. तीच जागा दोन क्षणांनी मागच्या चाकांखाली जायची असते. इंडिकेटर लागलेला असो वा नसो, लांब गाडी मंदावली आणि उजवीकडे कलली की आपण मागे थांबावे. पेट्रोल पंप, ढाबा, सर्व्हिस रोडचे तोंड, कारखान्याचा फाटा या जागी तर हटकून. ट्रकच्या पुढे जायचेच असेल तर उजवीकडून, पुढचा रस्ता स्वच्छ दिसत असताना, आणि एकदा निघाल्यावर त्याच्या शेजारी रेंगाळत न बसता. पुढे गेल्यावर लगेच त्याच्या नाकासमोर शिरायचे नाही, त्याचा सगळा तोंडवळा आपल्या आरशात दिसू लागला म्हणजे मग डावीकडे यायचे.

हॉर्न वाजवला की झाले, असे आमचे चिरंजीव म्हणतात. केबिनच्या काचा बंद, खाली इंजिन, कानाशी गाणी. आपल्या स्कूटरची पिपाणी वर पोहोचतेच असे नाही. ट्रकच्या पाठीवर "हॉर्न ओके प्लीज" रंगवण्याची जुनी रीत होती. लोक उगाच हॉर्न वाजवतात म्हणून महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ साली ते रंगवण्यास बंदी केली. अजूनही ती अक्षरे दिसतात म्हणा! पण ती वाचता येण्याइतके आपण जवळ आहोत, म्हणजे नको तितके जवळ आहोत, एवढा त्यांचा उपयोग करून घ्यावा.

जवळ का नको? साठच्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते. सेकंद म्हणजे "अगं बाई" म्हणण्याइतका वेळ. पुढच्या ट्रकने ब्रेक दाबला, आपण "अगं बाई" म्हटले, आणि हात ब्रेकवर जाण्याआधीच या सभागृहाएवढे अंतर संपलेले असते. ट्रकच्या पाठीशी असताना त्याच्यापुढे काय आहे ते आपल्याला दिसत नाही. त्याच्या पोटाखालून खड्डा येतो तो आपल्या चाकापाशी आल्यावरच कळतो. आणि ट्रक आपल्या पाठीशी असला तर गोष्ट याहून वाईट. दहा चाकी ट्रक पूर्ण भरला की सुमारे अठ्ठावीस टनांचा होतो. आपली स्कूटर, आपण दोघी आणि भाजीची पिशवी मिळून अडीचशे किलो. त्याला थांबायला जितका रस्ता लागतो तितका आपल्याला लागत नाही, म्हणून त्याच्यासमोर एकाएकी थांबणे म्हणजे त्याच्याकडून अशक्य गोष्टीची अपेक्षा करणे आहे. दोन ट्रकांच्या मध्ये तर कधीच राहू नये. बाजूला व्हावे, त्याला जाऊ द्यावे. तो शेजारून जाताना हवा आधी आपल्याला बाहेर लोटते आणि मग त्याच्याकडे ओढते, हे पुष्कळजणींनी अनुभवले असेल. त्या वेळी दोन्ही हात हँडलवर घट्ट, वेग थोडा कमी, आणि पदर-ओढणी आधीच खोचलेली असावी.

उताराचा एक वेगळा धोका आहे. पुण्याकडे जाताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत लांबच लांब उतार आहे. डिझेल वाचवण्यासाठी काही चालक तिथे गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात, आणि मग सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात आणि ऐन वेळी लागत नाहीत. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री त्याच उतारावर एका अवजड गाडीने चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली. आपली मुले पुण्याला शिकायला आहेत, दर शनिवार-रविवार मोटारसायकलवरून ये-जा करतात. त्यांना आपण सांगतो ते "जपून ये". जपून म्हणजे काय ते कोणी सांगत नाही. लांब उतारावर अवजड गाड्यांच्या पुढे राहू नकोस, आरशात पाहात राहा, पाठीमागचा ट्रक भरधाव येताना दिसला तर रस्ता मोकळा करून दे. असे सांगितले तर निदान त्याला काही धरून ठेवता येईल. खंबाटकी घाटात तीच गोष्ट. बोगद्यातून बाहेर पडल्यावरचे दुहेरी वळण किती घरांना ठाऊक आहे ते मी सांगायला नको.

आणि आपल्याकडचा हंगाम! कारखाने सुरू झाले की ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या जोडलेल्या, ऊस दोन्ही बाजूंना लोंबतो आहे, मागे दिवा नाही, आणि रात्रीचे नऊ वाजलेले. समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडाने डोळे दिपले की ती ट्रॉली दिसतच नाही. कडेला नादुरुस्त होऊन उभ्या राहिलेल्या ट्रकचेही तसेच. या बाबतीत दोष सरळसरळ त्यांचा आहे, मी त्यांची बाजू घेत नाही. पण रात्री आपण आपल्या दिव्याच्या उजेडात थांबता येईल इतक्याच वेगाने जावे, यापलीकडे आपल्या हातात काय आहे? एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा दिवा गाडी सुरू होताच आपोआप लागतो. दिवसा दिवा कशाला म्हणून आपल्याकडे त्याची थट्टा होते. तो आपल्याला दिसावे म्हणून नाही. आपण दिसावे म्हणून आहे.

आता मागे बसणारीविषयी. इथे मी जरा कडक बोलणार आहे. केंद्र सरकारच्या वाहतूक खात्याचा २०२२ सालचा अहवाल सांगतो की त्या वर्षी देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. शंभरातली चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसे गेली, आणि त्यांपैकी १४,३३७ मागे बसलेली होती. आपल्या गावात मागे कोण बसते? आई बसते, बायको बसते, बहीण बसते. पुढे बसणाऱ्याला पोलिसांचे भय असते म्हणून तो नाक्यापुरते तरी टोपडे चढवतो. आपण हेल्मेट घेतच नाही, किंवा घेतले तर कोपरात अडकवतो. कोपर फुटले तर हाड सांधता येते हो! कायदा तर दोघांनाही सारखाच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला तो लागू झाला. त्याहून लहान मुलासाठीही डोक्याला हेल्मेट, अंगाला पट्टा आणि चाळीसच्या आत वेग, असा नियम झाला आहे. आपण मात्र तान्हे मूल एका कडेवर घेऊन एकाच बाजूला पाय सोडून बसतो आणि दुसऱ्या हाताने डबा धरतो. मग आपण स्वतःला धरतो कशाने?

हेल्मेट आय.एस.आय. खुणेचेच घ्यावे, १ जून २०२१ पासून तसे नसलेले विकायलाही बंदी आहे, तरी रस्त्याच्या कडेला मिळते. पट्टा हनुवटीखाली लावला नाही तर ते पडताना आधी उडून जाते. अंबाडा आडवा येतो, ही आपली तक्रार. मी गेले वर्षभर मानेवर सैल वेणी घालते आणि गजरा पिशवीत नेते, पोहोचल्यावर माळते. चेष्टा झाली, पण आता सुनाही तसेच करतात. साडीवाल्या भगिनींनी गाडीचे साडीगार्ड एकदा पाहून घ्यावे. मागचे चाक निम्मे तरी झाकलेले असावे असा नियमच आहे, पण आमच्या भागातल्या तरुण मंडळींना त्याने गाडीची शोभा जाते असे वाटते आणि ते काढून माळ्यावर टाकतात. माळ्यावरून खाली काढायला लावा. शक्य असेल तिथे दोन्हीकडे पाय टाकून बसा. महामार्गावर तरी सलवार-कमीज घालायला सासूने हरकत घेऊ नये, आणि या सभेत पुष्कळ सासवा आहेत म्हणून हे मुद्दाम बोलते.

मागे बसणारीला जीभ आहे, हेही आपण विसरतो. घरात भाजी अळणी झाली तर बोलतो, गाडी ट्रकच्या डावीकडे घातली तर गप्प बसतो, कारण "त्यांना चालवताना बोललेले आवडत नाही." न आवडू दे. "थांबा, तो वळतो आहे" एवढे चार शब्द बोलावेत, आणि ऐकले नाही तर पुढच्या थांब्यावर उतरून एस.टी.ने जावे. मी एकदा उतरले आहे. घरी दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवसापासून गाडी ट्रकच्या मागे राहते.

दहावीतल्या मुलाला गाडीची किल्ली देणाऱ्या आयांना एकच सांगते. २०१९ पासून अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. पण दंडाचे राहू द्या. ट्रकच्या केबिनमधून मी पाहिले आहे, त्याहून मला काही सांगायचे नाही.

त्या दिवशी पंपाजवळ माणसे जमली होती, पण तिला उचलायला बराच वेळ कोणी पुढे झाले नाही. पोलिसांच्या फेऱ्या मागे लागतील, हे भय. ते भय आता बाळगू नये. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने, आणि २०१९ साली कायद्याने, मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याला नाव सांगण्याची सक्ती नाही, साक्षीदार होण्याची सक्ती नाही. १०८ वर फोन केला तर रुग्णवाहिका येते. तो नंबर आज घरी गेल्यावर फडताळाच्या आतल्या बाजूला, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा.

कार्यकारिणीने दोन गोष्टी मान्य केल्या आहेत, त्या सांगून थांबते. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला स्टीलच्या वाट्या लुटायच्या नाहीत. त्याऐवजी अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या वाण म्हणून द्यायच्या. एक हेल्मेटच्या पाठीला लावायची, एक गाडीच्या मागे, आणि ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांनी दोन जादा मागून न्याव्यात. दुसरे म्हणजे, आमचे शेजारी येत्या रविवारी घरी आहेत. सकाळी आठ वाजता ट्रक मार्केट यार्डात उभा असेल. प्रत्येकीने आपल्या मुलांना घेऊन यावे, आणि मुलांनीच नव्हे, आपणही एकेकीने वर चढून त्या जागेवर बसावे. पायरी फार उंच आहे; मी घरून स्टूल आणून ठेवते.